टेस्टोस्टेरॉन सुरू करतोय, शरीरात नक्की काय काय बदलतं आणि कधी?

उंबरठ्यावरचा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. वय २६, ट्रान्समॅन (म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष), पुढच्या गुरुवारी टीचं म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं पहिलं इंजेक्शन आहे. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं, सह्या घेतल्या, पण माझं असं होतं की दवाखान्यातल्या खुर्चीत बसलं की डोकं बंद पडतं, मी नुसता हो हो करत मान हलवत बसलो आणि घरी येऊन आठवायला गेलो तर निम्मं आठवेना.

तर आवाज कधी बदलतो? पाळी कधी थांबते, आणि थांबली की कायमची थांबते का? दाढीचं काय? छाती थोडी तरी सपाट होते का? उंचीचं विचारायचं नव्हतं पण विचारतोच, मी पाच फूट एक इंच आहे. आणि सगळ्यात जास्त भीती केसांची, वडिलांना टक्कल, मामालाही टक्कल, म्हणजे मी दोन्हीकडून अडकलोय. अजून एक, मी हौशी का होईना पण गातो, तर गाणं जाईल का?

मधेच थांबवावं लागलं तर काय परत जातं आणि काय राहतं हेही कोणी सांगा. नेटवर व्हिडिओ बघितले की सहा महिन्यांत सगळे दाढीवाले झालेले दिसतात, ते खरं वाटत नाही.

खर्जातला

अभिनंदन भावा! मला चार वर्षं झाली. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसव, हे दुसऱ्यांदा वयात येणं आहे. चौदा वर्षांच्या पोराला निसर्ग विचारत नाही की बाबा तुला आधी मिसरूड हवं का मुरुम, तुलाही विचारणार नाही. जे हवंय ते उशिरा येतं आणि जे कोणी मागितलं नव्हतं ते आधी हजर होतं, माझं तरी असंच झालं.

पहिल्या महिन्यात मला जाणवलं ते म्हणजे तेलकटपणा. चेहरा, पाठ, डोक्याची कातडी, उशीचा अभ्रा दोन दिवसांत पिवळा. मग भूक, म्हणजे साधी भूक नाही, जेवून उठलो की तासाभरात परत. घामाचा वास बदलला, लघवीचासुद्धा. आणि एक गोष्ट जी समोरासमोर कोणी बोलत नाही म्हणून इथे लिहितो, खालची वाढ. क्लिटोरिस मोठं व्हायला लागतं, बऱ्याच जणांचं पहिल्या काही आठवड्यांतच जाणवतं, आणि सुरुवातीला ते इतकं हुळहुळं असतं की जीन्स घालून जिने चढणं म्हणजे शिक्षा. मी दोन महिने ढगळ सुती पँटमध्ये काढले. किती वाढेल ते प्रत्येकाचं वेगळं, एक-दोन वर्षांत जे व्हायचं ते होऊन जातं, आणि ते परत लहान होत नाही. लैंगिक इच्छाही वाढते, अगदी गैरसोय होईल इतकी, तीही काही महिन्यांनी आटोक्यात येते.

आता आवाज. मी पण गातो म्हणून याबद्दल जास्त लिहितो, सहन कर. आपल्याकडे आवाज फुटला म्हणतात ना, तो शब्द अगदी बरोबर आहे. टीमुळे स्वरतंतू जाड होतात, आणि जाड तार मंद हलते म्हणून सूर खाली येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जोडीच्या तारांपेक्षा जाड का असते, तेच कारण. बऱ्याच जणांचा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात फरक कळायला लागतो, कोणाचा आधीच, आणि पूर्ण स्थिर व्हायला एक ते दोन वर्षं धर. मला आधी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, सारखं खाकरावंसं वाटायचं, मला वाटलं सर्दी झाली. मग एक दिवस फोनवर बोलताना वाक्याच्या मधोमध आवाज एकदम वर पळाला आणि धपकन खाली आला, समोरचा माणूस म्हणाला नेटवर्क जातंय वाटतं.

एक काम मात्र कर. पहिल्या इंजेक्शनच्या आधी एक वाक्य ठरवून रेकॉर्ड कर आणि दर रविवारी तेच वाक्य त्याच वेळी रेकॉर्ड कर. त्याच वेळी का, तर सकाळी उठल्या उठल्या आवाज तसाही जाड असतो, मी पहिला महिनाभर सकाळी रेकॉर्ड करून उगाच खूश व्हायचो आणि संध्याकाळी तोंड पाडून बसायचो. रोज स्वतःचा आवाज ऐकून फरक कळत नाही, मला तर चौथ्या महिन्यात वाटत होतं की औषध लागूच पडलं नाही, मग पहिलं आणि सोळावं रेकॉर्डिंग एकामागोमाग लावलं आणि खुर्चीत बसूनच राहिलो.

गाणं जात नाही, पण हातचं सोडून परत शिकावं लागतं हे खरं. वरचे सूर गेले, ते गेलेच. मधे सात-आठ महिने असे होते की खालचे अजून आलेले नाहीत आणि वरचे निघून गेलेत, मधल्या चार-पाच सुरांत भजन कसंबसं बसायचं. त्या काळात जुनी पट्टी धरून ओढाताण केलीस तर घसा खराब होईल, मी तो मूर्खपणा केला आणि तीन आठवडे बोलायचंही बंद ठेवावं लागलं. माझी पट्टी काळी चारवरून पांढरी एकवर आली. आणि वयात येताना मुलांचा अख्खा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, आपला मोठेपणी तेवढा वाढत नाही, म्हणून काही जणांचा आवाज खाली येऊनही पातळ किंवा घोगरा वाटतो, त्यावर आवाजाची थेरपी देणारे लोक असतात, त्याचा उपयोग होतो.

दाढीचं उत्तर देत नाही, माझी अजूनही गालावर आलेली नाही. चार वर्षं! हनुवटीखाली मात्र बोकडासारखी.

शुक्रवारचा_शॉट

वरच्या दादांनी पाळीचं सोडलं ते मी लिहितो.

बहुतेकांची पाळी पहिल्या सहा महिन्यांत थांबते, कोणाची दुसऱ्याच महिन्यात, कोणाला जास्त वेळ लागतो. माझी तिसऱ्या महिन्यात थांबली आणि मी कपाटातली सगळी पॅड्स उचलून मैत्रिणीला देऊन टाकली, मोठ्या थाटात. पाचव्या महिन्यात ऑफिसमध्ये असताना आली. पुरुषांच्या टॉयलेटमध्ये, जिथे डस्टबिनपण नसतो, टिश्यू पेपरच्या घड्या घालत बसलो होतो आणि डोळ्यातून पाणी. नंतर कळलं की मधे प्रवासात होतो म्हणून माझा एक डोस दहा दिवस उशिरा झाला होता, त्याचं ते. तर पॅड्स देऊन टाकू नकोस, निदान वर्षभर बॅगेत एक ठेव. नीट डोस चालू असूनही पाळी थांबत नसेल तर डॉक्टरांकडे त्याला वेगळे उपाय आहेत, कुढत बसू नकोस. आणि वर्षभर पूर्ण थांबल्यावर मग अचानक रक्त आलं तर ते डोसवर ढकलून मोकळं होऊ नकोस, दाखव.

दुसरं, आणि हे मोठ्या अक्षरात वाच, पाळी थांबणं म्हणजे गर्भ राहणार नाही असं अजिबात नाही. टी हे गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असतानाही बीज बाहेर पडू शकतं, आणि टी चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. गर्भ राहू शकेल असे संबंध असतील तर वेगळी काळजी घ्यावीच लागते. आणि पुढे कधी स्वतःचं मूल हवं असेल अशी एक टक्का जरी शक्यता वाटत असेल तर बीजं गोठवून ठेवण्याबद्दल गुरुवारच्या आधी विचार. टी थांबवल्यावर गर्भ राहून मुलं झालेले ट्रान्समॅन आहेत, पण त्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तिसरं कोरडेपणा. योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी होत जाते, साधारण पाळी थांबलेल्या बायकांना उतारवयात होतं तसं. आग होणं, संबंधांनंतर रक्ताचा डाग, सारखी लघवीची जळजळ. मी लाजेपोटी वर्षभर सहन केलं. त्यावर जागेवर लावायचं थोडं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, नाव ऐकून मीच उडालो होतो, म्हटलं ज्याच्यापासून पळतोय तेच परत लावू? पण ते जागेपुरतंच काम करतं, रक्तात जाऊन दाढी पुसत नाही :) आणि गर्भाशयमुख आहे तोवर त्याची तपासणी चुकवायची नाही, टी घेतोय म्हणून सुटका नाही.

छाती, नाही. टीने छाती जात नाही. चरबी थोडी कमी होऊन जराशी ओघळल्यासारखी मऊ होते इतकंच, सपाट करायची तर सर्जरी किंवा बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट दिसेल असं घट्ट बनियन. उंची पण नाही, हाडांची वाढ थांबलेली असते. कमरेचं हाडही तेच राहतं, फक्त त्याच्यावरची चरबी वर्ष-दोन वर्षांत मांड्या-नितंबांवरून हळूहळू पोटाकडे सरकते. म्हणजे पोट सुटतं हे साध्या भाषेत.

रिपोर्टवाला_काका

पोरांनी मजेचं लिहिलंय, मी कंटाळवाणं लिहितो. नऊ वर्षं झाली मला.

टीमुळे रक्तातल्या लाल पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते सांगणारा. थोडा वाढणं अपेक्षित आहे, तो पुरुषांच्या पातळीवर जातो. पण ५४ च्या वर गेला की रक्त घट्ट होऊन गुठळीची भीती असते, डॉक्टर थांबून विचार करतात. म्हणून पहिलं वर्षभर साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी आणि नंतर वर्षातून एकदा-दोनदा. त्याबरोबर टीची पातळी, बीपी, लिपिड प्रोफाइल. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी होण्याकडे कल असतो. सिगारेट ओढत असशील तर हिमॅटोक्रिट अजून चढतं, हे मला माझ्याच रिपोर्टने शिकवलं. दोन आठवड्यांतून एकदा मोठा डोस घ्यायचो, आकडा ५५ आला, डॉक्टरांनी तोच डोस अर्धा अर्धा करून दर आठवड्याला केला, मी सिगारेट सोडली, चार महिन्यांत ४९.

एक गंमत सांगतो. लॅबवाल्याने माझा फॉर्म बायकांच्या रकान्यात भरला, तर हिमोग्लोबिनपुढे लाल बाण, हिमॅटोक्रिटपुढे लाल बाण, टेस्टोस्टेरॉनपुढे तर तीन बाण. रात्रभर झोपलो नाही. सकाळी डॉक्टर हसले, म्हणाले हे सगळे आकडे पुरुषांच्या हिशोबाने नॉर्मल आहेत. तेव्हापासून मी बाण बघत नाही, आकडा बघतो आणि शेजारची रेंज कोणाची छापली आहे ते बघतो.

आता केस. बाळा, खोटं सांगत नाही, घरात दोन्हीकडे टक्कल असेल तर तुझे जाण्याची शक्यता बरीच आहे. फक्त मामाकडे बघून ठरत नाही, दोन्ही बाजूंचं रक्त बोलतं. टीचं शरीरात डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन होतं, तेच डीएचटी दाढीला खत घालतं आणि तेच डोक्यावरच्या केसांची मुळं बारीक करतं, एकाच हाताने देतो आणि दुसऱ्याने घेतो असा कारभार. साधारण सहा महिने ते वर्षभर काही दिसत नाही, मग कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागतात. कोपरे थोडे सरकणं हे टक्कल नाही, ती नुसती पुरुषी कपाळाची ठेवण आहे. त्यापुढे जायला लागलं तर मिनॉक्सिडिल लावतात किंवा फिनास्टराइडची गोळी घेतात. फिनास्टराइड डीएचटीच अडवतं, त्यामुळे दाढी आणि खालची वाढ मंदावू शकते, म्हणून पहिल्या दिवसापासून भीतीने सुरू करू नकोस, डॉक्टरांशी बोलून काय ते ठरव. आणि घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिल फार जपून, मांजरांना ते विषारी आहे, लावलेल्या डोक्याची उशीसुद्धा चाटू देऊ नकोस.

थांबवल्यावर काय राहतं विचारलंस. आवाज, खालची वाढ, आलेली दाढी आणि गेलेले केस हे राहतं. पाळी, चरबीची जागा, स्नायू, तेलकट कातडी हे हळूहळू मागे फिरतं. अंगावरचे केस मधल्यात, बारीक होतात पण बरेचसे राहतात.

घाई_आहे_बॉस

मला एक विचारायचं होतं, मला पाच महिने झाले, दाढीचा पत्ता नाही, जिममधला एकजण म्हणतो डबल डोस घे दोन महिन्यांत येईल, त्याच्याकडे मिळतं पण. कोणी केलंय का?

रिपोर्टवाला_काका

नको. दाढी डोसवर नाही, वेळेवर आणि घराण्यावर येते. सहा महिने ते वर्षात सुरुवात होते आणि पूर्ण भरायला चार-पाच वर्षं किंवा जास्तही लागतात, आधी वरच्या ओठाच्या कोपऱ्यात, मग हनुवटीखाली, गालावर सगळ्यात शेवटी. डबल डोसने दाढी येणार नाही, हिमॅटोक्रिट येईल. शिवाय जिमवाल्याच्या बाटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. पाचव्या महिन्यात मला चार केस होते, मी त्यांना नावं ठेवली होती.

खर्जातला

चार केसांना नावं 😂 काका, सांगा की नावं.

जिमचा विषय निघालाच आहे तर, स्नायू भराभर वाढतात पण त्यांना हाडाला बांधणारे कंडरे तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. सातव्या महिन्यात मला वाटायला लागलं मी भीम झालो, वजन वाढवत गेलो आणि कोपर धरून सहा आठवडे घरी बसलो.

सोबतीण

मी स्वतः घेत नाही, माझा नवरा घेतो, तीन वर्षं झाली, घरातून काय दिसतं ते लिहिते.

मुरुमांचं कोणी नीट लिहिलं नाही. याचे पाठीवर आणि जबड्यावर इतके आले होते की उताणं झोपता येत नव्हतं, पहिलं वर्ष सगळ्यात वाईट, मग ओसरले. फोडू नका, डाग राहतात, आमच्याकडे राहिलेत. त्वचेच्या डॉक्टरांकडे वेळेवर जा, आणि मुरुमांवरच्या भारी गोळ्या देताना ते गर्भाबद्दल विचारतील तेव्हा बुजू नका, त्या गोळ्यांचा आणि गर्भाचा उभा दावा आहे म्हणून विचारतात.

मूडचं म्हणाल तर टी घेतलं की माणूस रागीट होतो वगैरे मी खूप ऐकलं होतं. याच्या बाबतीत तसं काही झालं नाही, उलट बरीच वर्षं कोंडलेला माणूस मोकळा झाला. पण दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे इंजेक्शनच्या आधीचे दोन-तीन दिवस हा मरगळलेला आणि चिडका असायचा, पातळी खाली जाते म्हणून, ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी दिवसांचं अंतर कमी केलं आणि ते गेलं. दुसरी म्हणजे याला रडू येईना. आजी गेली तेव्हा मला म्हणाला, आत सगळं भरून आलंय पण डोळ्यापर्यंत पोचत नाहीये. त्याला त्याचं फार वाईट वाटलं होतं. सगळ्यांचं असं होतं असं नाही म्हणत, पण झालं तर घाबरू नकोस, त्याच्या बाबतीत वर्षभराने थोडं परत आलं.

आणि घोरतो! आधी अजिबात घोरायचा नाही. झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटला आणि दिवसभर पेंग यायला लागली तर ते दाखवायचं असतं, आम्ही दाखवलं.

उंबरठ्यावरचा

किती लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. बीजांचं मी खरंच विचारलं नव्हतं, आज फोन करून गुरुवारच्या आधी त्यासाठी वेगळी वेळ मागून घेतली, त्यासाठी इंजेक्शन महिनाभर पुढे गेलं तरी चालेल असं ठरवलं. आधी हे लिहिताना हात जड झाला होता पण आता बरं वाटतंय.

अजून एक प्रश्न. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन नको असेल तर जेल पण आहे. मला सुयांची भीती वाटते. पण घरात बहिणीची दीड वर्षाची मुलगी दिवसभर माझ्या अंगाखांद्यावर असते. जेल चालेल?

शुक्रवारचा_शॉट

जेल उत्तम असतं, रोज लावायचं म्हणून पातळी वरखाली होत नाही, बदलही तेच होतात. पण तुझ्या घरात मी विचार केला असता. लावलेल्या जागेला बाळाची कातडी लागली तर औषध तिच्या अंगात जातं, लहान मुलांमध्ये त्याने अवेळी वयात आल्याची लक्षणं दिसलेली आहेत. लावायचंच तर लावून हात साबणाने धुवायचे, जेल पूर्ण वाळू द्यायचं, वरून बाह्यांचा शर्ट, आणि तिला उघड्या खांद्यावर घ्यायच्या आधी ती जागा धुवायची, रोज, एकही दिवस न चुकता. तुला जमेल का ते तूच बघ. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, पहिले दोन सहा आठवड्यांच्या अंतराने आणि मग साधारण १२ आठवड्यांनी, तेलकट जाड औषध असतं म्हणून कुल्ल्यात हळूहळू देतात, दवाखान्यातच, आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात कारण क्वचित कोणाला लगेच खोकला आणि धाप लागते. सुईची भीती असेल तर वर्षाला पाच सुया बऱ्या की बावन्न?

मी मांडीत स्वतः घेतो. पहिल्या वेळी सुई हातात धरून पस्तीस मिनिटं बसलो होतो, आता चहा उकळेपर्यंत होऊन जातं.

उंबरठ्यावरचा

पाच बऱ्या. विचारतो.

आणि रेकॉर्डिंग केलं आत्ता, संध्याकाळी सात वाजता, दर रविवारी सातला करायचं ठरवलं. वाक्य सुचेना म्हणून नुसतं "हॅलो, कोण बोलतंय" असं म्हटलं, कारण मी हे म्हटलं की पलीकडून दर वेळी "मॅडम" येतं.

खर्जातला

झकास वाक्य आहे. त्याच्या पुढे एक सा पण लाव, सध्याच्या पट्टीतला.